मांडवावरची पानं, भिंतीवरची पानं

नोएडा
रविवार, १४ जानेवारी २०२४

जय भीम.

इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची पद्धत आहे. तेवढं सोडून बाकीचं लिहिते.

तुमचं पत्र मंगळवारी मिळालं. फोन सोडलात, पण अक्षर अजून फाइलीवर नोटिंग करावं तसंच आहे. श्रावस्तीनं पाकीट माझ्या हातात दिलं आणि "पप्पांचं आहे. तू वाच, मला नको सांगूस" म्हणून कॅबमध्ये जाऊन बसली. पोरगी चोवीस वर्षांची झाली, तरी रागावली की दहावीतल्यासारखी दिसते.

आईंना मी पत्र जसंच्या तसं वाचून दाखवलं. दहा दिवसांच्या श्रामणेर शिबिराला म्हणून ऑक्टोबरात गेलात, ते परत यायचं नाही असं ठरवलंत. आता पूर्ण भिक्खू व्हायचं आहे. आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्याआधी उपसंपदेची दीक्षा घ्यायची आहे, आणि त्याला आईची परवानगी लागते, असा नियम आहे. दोनदा वाचावं लागलं, पहिल्या वेळी त्यांनी कानातलं यंत्र लावलेलं नव्हतं.

ऐकून झाल्यावर म्हणाल्या, "नाही म्हणून सांग त्याले."

"एवढंच लिहू?"

"मंग काय नाहीले शेपूट लावू?"

तर आईंनी नाही म्हटलं आहे. नियमात बायकोचं काही आहे का, ते तुमच्या पत्रात नव्हतं. आईंनीही विचारलं नाही, मीही विषय काढला नाही.

आज मराठी मंडळाची बस पानिपतला गेली, लढाईच्या स्मारकाला, काला अंबला. दरवर्षी आपण जायचो. मी गेले नाही, कारण द्राक्षाची छाटणी राहिली होती आणि थंडी सरायच्या आत ती व्हायला हवी. सरोजिनी नगरचं क्वार्टर सोडताना तुम्हीच ती फांदी बादलीत लावून मांडीवर घेऊन टेम्पोत बसला होतात. नोकरी सोडली, आता घरी राहीन, वेली लावीन म्हणालात. वेल लागली. आता इथल्या अंगणात लोखंडी मांडवभर पसरली आहे.

छाटणी तुम्ही करायचात, मी फक्त शिडी धरायची. आज शिडी आईंनी धरली. त्यांना मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही आणि मला किती कापायचं ते कळत नाही, असं आमचं काम चाललं होतं. जुनं सगळं कापलं. झाड अगदी बोडकं दिसतंय. विहारातल्या ताई सांगत होत्या की भिक्खूंना पानही तोडता येत नाही. म्हणजे हे काम यापुढे माझंच.

उद्या ऑफिस आहे. हात दुखताहेत.

लुंबिनी


नोएडा
रविवार, ७ एप्रिल २०२४

जय भीम.

तुमचं दुसरं पत्रही आलं. "आईचं मन वळवावं" असं लिहिलं आहे. कुणी वळवावं ते लिहिलेलं नाही. घरात मीच आहे, म्हणजे मीच असणार.

सकाळी सातला मेट्रो धरते, संध्याकाळी सातला घरी येते. मग आईंच्या डोळ्यांत थेंब, पायाला तेल, दुसऱ्या दिवसाची भाजी. या सगळ्यात मन कुठल्या वेळी वळवायचं ते बघते आहे.

वरच्या मजल्यावर नवीन भाडेकरू आली. नजीबा नाव, काबूलची. आधी दिल्लीतच भोगलला राहायची. नवरा जर्मनीत आहे आणि ही व्हिसाची वाट बघते. परवा मी मांडवाखाली वाढलेले शेंडे खुडून टाकत होते, तर ती वरून पळतच आली. "दीदी, फेंकना मत! ये तो खाना है।"

मला वाटलं बकरीसाठी मागते. पण तिनं शेंड्यापासून तिसरं-चौथं पान धरून दाखवलं. तळहाताएवढं, कोवळं, दुमडलं तरी तुटत नाही असं. त्याच्याखालचं जून, आणि शेंड्याचं फाटतं. "दवाई तो नहीं मारी?" असं तिनं दोनदा विचारलं. आपण कधी फवारणी केलीच नाही. मिठाच्या उकळत्या पाण्यात पानं टाकली तशी एका क्षणात हिरव्याची खाकी झाली, आणि घरभर आंबूस वास सुटला. मग शिरांची बाजू वर करून त्यात तांदूळ, खिमा, पुदिना, आणि विडीसारखी गुंडाळी. दोलमा म्हणतात. उरलेली पानं मिठाच्या पाण्यात घालून बरणीत भरून ठेवली.

आई खुर्ची ओढून शेजारी बसल्या. त्यांना हिंदी अर्धं कळतं आणि नजीबाला आईंचं वऱ्हाडी अजिबात कळत नाही, पण दोघी दुपारभर बोलत होत्या. "हे तं आपल्या धोप्याच्या वड्यांवानी हाय," आई म्हणाल्या. मी सांगितलं की धोपा म्हणजे अळू, नजीबाला अळूही माहीत नव्हता. आईंनी सहा खाल्ले. तुम्ही गेल्यापासून त्यांनी मागून घेतलेली ही पहिलीच गोष्ट.

नजीबानं विचारलं, "आपका बेटा कहाँ है?" मी उत्तर द्यायच्या आत आई म्हणाल्या, "ड्यूटी पे." ती वर गेल्यावर आई बराच वेळ मांडवाकडे बघत होत्या. दिसत काही नसणार. मग म्हणाल्या, "हिचा नवरा दूर गेला तं हिले बोलवाले गेला."

मी म्हटलं, "आई, ते काही वाईट कामाला गेले नाहीत."

"मी कुठं म्हणतो वाईट? साधा माणूस बायकोले टाकून गेला असता तं चार लोकं जाब विचारते. यानं चीवर घातलं. आता जाब कोन विचारंल? उलटं पाया पडाव लागते."

हे तुम्हाला लिहावं की नाही, याचा विचार करत होते. आईंचं मन वळवायचं तर आधी ते कुठे आहे ते तुम्हाला माहीत असावं, म्हणून लिहिलं.

पश्चिमेच्या भिंतीवर मी एक वेल लावली आहे. उन्हाळ्यात ती भिंत इतकी तापते की आईंच्या खोलीत बसवत नाही. नर्सरीवाला म्हणाला, द्राक्षाच्याच खानदानातली आहे, फळ नाही, नुसती शोभा. हिला मांडव लागत नाही, बारीक चिकट पायांनी स्वतःच भिंत धरून चढते. बाल्कनीत पडदावेल सोडली आहे, तिचे गुलाबी दोरे खाली लोंबतात. तीही त्याच कुळातली. छाटणीचा मुहूर्त चुकला म्हणून या दोघी रुसत नाहीत. मला सध्या अशीच झाडं परवडतात.

लुंबिनी


नोएडा
रविवार, २६ मे २०२४

जय भीम.

आधी हे वाचा. आई बऱ्या आहेत. घरी आहेत.

विहाराच्या ऑफिसात फोन केला होता. तुम्ही ध्यानशिबिरात होतात आणि निरोप देता येणार नाही असं सांगितलं. दुसऱ्यांदा केला नाही.

गेल्या रविवारी दुपारी हे झालं. श्रावस्तीची संध्याकाळची शिफ्ट होती. सकाळी ती आजीला म्हणाली, "आजी, वो दोलमा फिर से बनाओ ना, यार." नात काही मागते आहे म्हटल्यावर आईंना चैन कसली पडणार. बरणीतली पानं संपली होती. नजीबा व्हिसाच्या कामाला गेली होती आणि मी सरोजिनी नगरच्या बाजारात, श्रावस्तीला दोन कुर्ते घ्यायला. आईंनी ठरवलं, आपल्याला येतं.

मांडव उंच. भिंतीवरची वेल हाताशी. तिलाही तीन टोकांचं पान, आकार साधारण तोच. दिसणाऱ्याला फरक कळतो. हे पान जाड आणि चकचकीत असतं, द्राक्षाचं खालून लवदार आणि कडेला दातेरी. पण आईंना एक डोळा जवळजवळ नाही आणि दुसऱ्यात धुकं. त्यांनी मऊ मऊ पानं बोटांनी चाचपून तोडली, उकळली, त्यात नुसता भात आणि डाळ भरली. आणि आपल्या सवयीप्रमाणे आधी स्वतः खाऊन बघितलं.

घशाला खाजलं. आईंना त्याचं काही वाटलं नाही. धोपा खाजतो तसं हे खाजतं आहे, चिंच कमी पडली, असं समजून त्यांनी चिंचेचा कोळ घातला आणि आणखी दोन खाल्ले.

मी आले तेव्हा त्या मोरीजवळ भिंतीला टेकून बसल्या होत्या. ओठ सुजलेले, जीभ तोंडात मावत नव्हती, लाळ गळत होती. श्रावस्ती नुसती "आजी, आजी" करत होती. आई हातानं मला खुणावत होत्या. मला वाटलं पाणी मागताहेत. पातेल्याकडे बोट दाखवत होत्या. पोरीला खाऊ देऊ नको, असं.

ऑटोत त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं. श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. वाटेत एका सिग्नलला आम्ही अडकलो. तेव्हा माझ्या मनात काय येऊन गेलं ते मी तुम्हाला लिहिणार नाही. माणूस फार थकला की मनात काहीही येतं. सिग्नल सुटला, आणि मी ड्रायव्हरला ओरडले, "भैया, जल्दी!" हे मात्र खरं ओरडले.

डॉक्टर तरुण होता. वेलीचं पान मी पिशवीत घालून नेलं होतं, ते बघून म्हणाला, कूळ एक असलं म्हणून काय झालं, या पानात सुईसारखे बारीक खडे असतात, ते घशात रुततात. घसा बंद झाला नाही हे नशीब. दोन दिवस ठेवून घेतलं. नजीबा आली तेव्हा कॉटशी बसून ढसाढसा रडली. तिला वाटलं तिच्यामुळे झालं. आईंना बोलता येत नव्हतं. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी येऊन मी कोयता घेतला आणि भिंतीपाशी गेले. आई खिडकीतून घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "काऊन तोडतं?"

"तुम्ही मरत होतात, आई."

"मी आंधळी, मी खाल्लं. ते बिचारी भिंतीले गारवा देते. नोको तोडू."

तोडली नाही. आता एका पाटीवर लाल रंगानं "खाना नहीं" लिहून श्रावस्तीनं ती तिथे टांगली आहे. येणारेजाणारे हसतात.

दवाखान्यात आवाज परत आला तेव्हा आईंचा पहिला शब्द काय होता, माहीत आहे? मला वाटलं होतं तुमचं नाव घेतील. त्या म्हणाल्या, "लुंबिनी जेवली का?"

काल त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, तेच तुम्हाला कळवते. त्यांच्या शब्दांत: "त्याले लिव्ह. मले पत्रातून परवानगी मागू नको. तोंडानं माग. ये."

लुंबिनी


नोएडा
रविवार, १४ जुलै २०२४

जय भीम.

तुम्ही येऊन गेलात त्याला आज आठवडा झाला. तुम्ही जे डोळे खाली ठेवून बसला होतात, त्यामुळे बरंचसं तुम्हाला दिसलं नसेल. ते लिहिते आणि मग उत्तर देते.

बाराच्या आत जेवण व्हायला हवं म्हणून आई पहाटेपासून स्वयंपाकघरात माझ्या मागे होत्या. नजीबानं वरून आपल्या बरणीतली पानं आणून दिली. तुम्ही चार दोलमे वाढून घेतलेत आणि काही न बोलता खाल्लेत. आई तुमच्या तोंडाकडे कान लावून बसल्या होत्या. चावण्याचा आवाज ऐकत होत्या. दिसत नाही, तर दुसरं काय करणार? तुम्ही "छान झालं" म्हणाला असतात तर नियम मोडला असता का, मला माहीत नाही.

जेवणानंतर आई उठल्या आणि तुमच्यासमोर गुडघे टेकायला लागल्या. त्यांच्या गुडघ्यांची काय अवस्था आहे ते तुम्ही जाणता. तुमचे हात पुढे आले आणि बाईला हात लावायचा नाही म्हणून मध्येच थांबले. ते मी पाहिलं. श्रावस्तीनंही पाहिलं. ती आत निघून गेली ती रागानं नाही. न्हाणीघरात नळ सोडून रडत होती.

मग तुम्ही परवानगी मागितलीत. शांतपणे, नीट शब्द लावून. आई म्हणाल्या, "मले मागू नको. मी तं आज हाय, उद्या नाही. ज्या बाईच्या जिवावर मले ठेवून गेला, तिले विचार."

तुम्ही माझ्याकडे वळलात. जमिनीकडे बघत म्हणालात, "उपासिके, आपली हरकत नसेल तर..."

सत्तावीस वर्षं ज्या माणसाच्या डब्यात पोळ्या भरल्या, तो मला उपासिका म्हणाला. राग आला असता तरी बरं झालं असतं. मला फक्त बसावंसं वाटलं, आणि बसायला जवळ स्टूल नव्हतं.

"तिले नाव हाय," आई म्हणाल्या. आवाज असा की बाहेर दूधवाला थबकला.

तुम्ही मांडीवरचं चीवर सारखं केलंत. मग म्हणालात, "लुंबिनी, जाऊ का?"

तेव्हा मी "मला वेळ द्या" एवढंच म्हणू शकले. तुम्ही मान हलवलीत, भिक्षापात्र आणि झोळी उचललीत, चपला न घालता गल्लीतून गेलात. तापलेल्या रस्त्यावर तुमचे पाय भाजत होते. तुम्ही भराभर चालत नव्हतात, पण भाजत होते, ते चालण्यावरून कळत होतं.

आठवडाभर मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. ऑफिसात ऑडिट होतं. आईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरवायची होती. नजीबाचा व्हिसा आला, तिच्या सामानाची बांधाबांध सुरू आहे. बरण्या आईंना ठेवून चालली आहे. मेट्रोत जागा मिळाली त्या दिवशी थोडा विचार केला, तेवढाच.

तुम्ही परत यावं असं मला वाटतं का? मी स्वतःला हे विचारलं. तुम्ही परत आलात तर अंगणात खुर्ची टाकून बसाल, आणि तुमच्या तोंडावर कायम दुसरीकडचं काहीतरी असेल. शेवटची दोन वर्षं तसंच होतं. मला वाटायचं नोकरी सोडल्यामुळे करमत नसेल. तुमच्याबरोबर एका घरात राहून तुमची वाट बघण्यापेक्षा हे बरं आहे. सोपं नाही. पण बरं आहे.

आज सकाळी आईंना चहा दिला आणि सांगितलं, "आई, माझी हरकत नाही म्हणून लिहिते."

"मनापासून?"

"नाही," मी म्हटलं. "पण मी थकले. एका हातानं धरून ठेवायचं आणि दुसऱ्यानं घर चालवायचं, आता होत नाही."

आईंनी बशीतला चहा संपवला. पदरानं तोंड पुसलं. म्हणाल्या, "मंग मी बी सोडतो त्याले. लिव्ह, माय राजी हाय."

मी उठायला लागले तर त्यांनी मनगट धरलं आणि श्रावस्तीला हाक मारली. ती दात घासत आली, तोंडात फेस तसाच. आई तिला म्हणाल्या, "ऐक पोरी. साक्षीदार रायजो. मी मेल्यावर तुह्या बापाले बोलवायचं नाही. भिक्खू होऊन आला तं येऊ दे, त्रिशरण म्हणू दे, बाकीच्यांसारखा उभा राहू दे. पण माह्या चितेले आग लुंबिनी देईल. पोरगा मी बुद्धाले देऊन टाकला. आता घरात माहं लेकरू म्हणजे हेच."

श्रावस्ती म्हणाली, "बिल्कुल, आजी," आणि फेस सांडला, आणि मग आम्ही तिघी हसलो. मी हसता हसता रडले, ते आईंना दिसलं नाही, पण त्यांनी मनगट सोडलंही नाही.

तर हे उत्तर. आई राजी आहेत. माझी हरकत नाही. पौर्णिमेआधी पत्र पोचावं म्हणून स्पीड पोस्टानं पाठवते आहे. तुम्ही जे शोधायला गेलात ते तुम्हाला मिळावं, हे मी खरोखर लिहिते आहे.

यापुढे मी पत्र लिहिणार नाही. तुम्हीही आईंच्या तब्येतीची चौकशी करू नका, ते आमच्याकडे आहे. श्रावस्तीला वाटलं तर ती लिहील. तिला मी अडवणार नाही आणि आग्रहही करणार नाही.

आता थांबते. पोस्ट ऑफिस रविवारी बंद असतं हे मला आत्ता आठवलं, पण आई साडी बदलून, चपला घालून दारात उभ्या आहेत. म्हणताहेत, बंद असंल तं असू दे, तिथवर जाऊन येऊ.

लुंबिनी